अल-जदीदा: जिथली माणसं गावाचं नाव घेऊन समुद्रापार गेली

डीएपी खताच्या पोत्यावर १८ आणि ४६ असे दोन आकडे ठळक छापलेले असतात. शेतकरी दुकानात नाव घेत नाहीत, नुसतं 'अठरा-सेहेचाळीस द्या' म्हणतात. अठरा टक्के नत्र, सेहेचाळीस टक्के स्फुरद. नत्र अमोनियातून येतं आणि अमोनिया कारखान्यात बनतो. स्फुरद मात्र कुठून तरी खणूनच काढावं लागतं आणि ते ज्या खडकात असतं तो आपल्याकडे गरजेच्या मानानं फारच थोडा. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी जवळपास ७० टक्के खडक एकट्या मोरोक्कोकडे आहे. तो खडक आणि त्यापासून केलेलं आम्ल ज्या बंदरांतून जहाजांवर चढतं, त्यांतलं एक मोठं बंदर म्हणजे जोर्फ लासफर. अरबीत त्याचा अर्थ पिवळा कडा.

या पिवळ्या कड्यापासून वीसेक किलोमीटरवर अल-जदीदा नावाचं गाव आहे. अल-जदीदा म्हणजे नवी. ज्या गावाला 'नवी' म्हणावं लागतं त्याची जुनी गोष्ट असणारच. इथे ती अशी आहे की तट, माणसं आणि नाव या तीन गोष्टींची एका मार्चमध्ये कायमची फाटाफूट झाली.

आधी जागा बघू. कासाब्लांकाहून अटलांटिकच्या काठाकाठानं नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. पाठीमागे दुक्कालाचं सपाट मैदान: गहू, मेंढ्या, घोडे. उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर उम्म-अर-रबिया नदी समुद्राला मिळते आणि तिथे अझम्मूर हे खूप जुनं शहर आहे. मात्र नदीच्या तोंडाशी वाळू साचते, त्यामुळे मोठी गलबतं आत शिरताना अडखळतात. अल-जदीदाला नदी नाही, पण जहाज विसावेल अशी उपसागराची खोबण आहे. पोर्तुगीज इथे पोचले तेव्हा शहर असं काही नव्हतंच. एक जुना टेहळणी बुरूज उभा होता आणि लोक जागेला अल-ब्रीजा म्हणत. बुर्ज या अरबी शब्दाचं हे लाडकं, छोटं रूप आहे. आपला 'बुरूज' त्याच शब्दातून आला. म्हणजे या गावाच्या पहिल्या नावाचं मराठी भाषांतर करायचं तर 'बुरुजुला' किंवा 'बुरूजवाडी' असं काहीतरी होईल.

पोर्तुगीजांनी त्याला जे नाव वापरलं त्याचा उच्चार मराठी कानाला जवळजवळ 'मझगांव' असा ऐकू येतो. फ्रेंचांनी त्याचंच 'माझागां' केलं. मुंबईच्या माझगावशी त्याचं काही नातं नाही. दोघांचा मालक काही काळ एकच होता, एवढंच. पण या दोन मझगांवांची वाट पुढे एका लग्नात एकमेकींना छेदून जाते. ते पुढे येईलच.

पोर्तुगीज मोरोक्कोत का गेले, हे कळलं की त्यांचा गोवा, वसई, चौलचा कारभारही निम्मा कळतो. १४१५मध्ये त्यांनी सेउटा घेतलं आणि पुढची शंभर वर्षं मोरोक्कोच्या किनाऱ्यावर एकामागून एक ठाणी बसवत गेले. १४७१मध्ये असिला आणि तांजियर, १५०५मध्ये अगादीर, १५०८मध्ये साफी, १५१३मध्ये अझम्मूर. कारणं सरमिसळ होती: धर्मयुद्धाची हौस, दुक्कालाचा गहू, घोडे, आणि आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांसाठी काठाचा आधार. शिवाय सरदारांच्या पोरांना तलवार शिकायला ही घरापासून जवळची तालीम होती. गोवा घेणारा आल्बुकर्क हिंदुस्थानात यायच्या आधी कित्येक वर्षं असिलाच्या बाजूला लढला. पुढे ज्याच्या मोहिमेनं पृथ्वीप्रदक्षिणा केली तो मॅगेलन तर अझम्मूरला गुडघ्यात जखमी झाला आणि जन्मभर लंगडला.

अझम्मूर हाती आल्यावर १५१४मध्ये अल-ब्रीजाच्या बुरुजाला धरून एक चौकोनी गढी बांधली गेली. आरुदा नावाच्या दोन भावांचं ते काम. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यांतला एक तो मूळचा जुनाच. तेव्हा तरी हे अझम्मूरच्या मदतीला ठेवलेलं एक किरकोळ ठाणं होतं.

मग १५४१ उजाडलं. दक्षिणेकडून सादी घराणं जोर धरत होतं. त्यांनी अगादीरच्या पोर्तुगीज ठाण्यावर समोरासमोर डोकं आपटलं नाही. वरच्या टेकडीवर किल्ला बांधला, तोफा चढवल्या आणि खाली मारा केला. मार्चमध्ये अगादीर पडलं. पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंव राजानं त्यातून थंड डोक्यानं हिशेब मांडला. टेकडीखालचं ठाणं तोफेपुढे टिकत नाही. नदीआतल्या ठाण्याला समुद्रातून कुमक पोचत नाही. म्हणून साफी आणि अझम्मूर दोन्ही सोडून दिली आणि सगळा पैसा मझगांवात ओतला. हे ठाणं सपाटीवर होतं, डोक्यावर कुठली टेकडी नव्हती आणि पाय समुद्रात होते.

आराखडा बेनेदेत्तो दा राव्हेन्ना या इटालियन इंजिनिअरचा आणि बांधकाम जुआंव दे कास्तील्योचं. किल्ला असा, की आजही वरून पाहिला तर चांदणीसारखा दिसतो. हा आकार शोभेचा नव्हे. जुन्या किल्ल्याची भिंत उंच आणि त्या मानानं पातळ असायची, कारण शत्रू शिडी लावून चढेल ही भीती मोठी होती. तोफ आल्यावर उंच भिंत म्हणजे सोपं निशाण झालं. मग भिंत बसकी केली, जाड केली आणि बाहेरून उतरती ठेवली, म्हणजे गोळा सरळ न आदळता घसरावा. इथला तट सुमारे ८ मीटर उंच आहे आणि जाडी सरासरी १० मीटर. उंचीपेक्षा जाडी जास्त! वरून गस्तीची २ मीटर रुंद वाट जाते.

दुसरी भानगड कोपऱ्यांची. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी एक जागा अशी उरते, जिथे वरून गोळी टाकता येत नाही आणि शेजारच्या बुरुजावरूनही दिसत नाही. सुरुंग लावणारे नेमके तिथे येऊन बसतात. बुरूज बाणाच्या टोकासारखा केला तर ही आंधळी जागाच राहत नाही. प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजावरच्या तोफेला लख्ख दिसते. मझगांवला असे पाच बुरूज होते. एंजल, सेंट सेबॅस्टियन, सेंट अँथनी आणि होली घोस्ट हे चार आज उभे आहेत. पाचवा, गव्हर्नरचा, कुठे गेला ते पुढे सांगतो. वसईच्या किल्ल्यात फिरलेल्यांना हे टोकदार बुरूज नवे वाटणार नाहीत. तिथेही एक सेंट सेबॅस्टियन होताच.

आत गेल्यावर सगळ्यात देखणी गोष्ट जमिनीखाली आहे. आधी पाणी, मग किल्ला, हे आपल्याकडे गड बांधणाऱ्याला कुणी सांगावं लागत नसे. सह्याद्रीच्या कातळात टाकी खोदता येतात. इथे सपाट किनारा, भोवती खारं पाणी आणि वेढा पडला तर बाहेरची विहीर शत्रूच्या ताब्यात. म्हणून १५१४च्या गढीचा मधला भाग बंद करून त्याचं पाण्याचं टाकं केलं. पाच ओळींत पाच-पाच दगडी खांब, वर विटांच्या कमानींचं छत. गढीवर पडलेला पाऊस पन्हळींतून या दालनात उतरायचा. छताच्या मध्यावर एक गोल मोकळं भोक आहे. तेवढ्यातून उजेडाचा एक झोत खाली पडतो आणि फरशीवर हातभर पाणी असलं की पंचवीस खांबांचे पन्नास होतात. गाव पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर लोकांना या टाक्याचा पार विसर पडला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक दुकानदार दुकान वाढवायला भिंत फोडत होता आणि आतून पाणी धो-धो बाहेर आलं, तेव्हा ते परत सापडलं, असं तिथे सांगतात.

१५६२मध्ये सादी सुलतान अब्दल्ला अल-गालिबच्या मोठ्या फौजेनं या तटाला वेढा घातला. दोनेक महिने झुंज चालली. तट टिकला. इंजिनिअरांचं गणित बरोबर ठरलं, पण एका प्रश्नाचं उत्तर त्या गणितात नव्हतं. किल्ला टिकला, मग त्याचं करायचं काय?

मला या गावाच्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच वाटते. आधी साफी-अझम्मूर हाती असताना दुक्कालाच्या काही टोळ्या पोर्तुगीजांना धान्य देत, व्यापार करत. १५४१नंतर तेही संपलं. तटाबाहेरची शेतं त्यांची नव्हती. गहू समुद्रातून येई, पगार लिस्बनहून येई, तोही रखडत. बैलांचा दरवाजा अशा नावाचं एक दार आहे, त्यातून गुरं आत-बाहेर होत. गवत, लाकूडफाटा आणायला बाहेर पडायचं तर स्वार बरोबर घ्यावे लागत आणि परत येताना दोन-चार माणसं कमी असत. पिढ्यान् पिढ्या लोक असे जगले. भरभक्कम कवच आणि आत खायला रोजची मारामार.

वसई याच्या नेमकी उलट. वसईच्या तटाबाहेर पोर्तुगीजांचा अख्खा उत्तर फिरंगाण पसरलेला होता: भातशेती, बागायत, मिठागरं, गावंच्या गावं. म्हणून १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, सुरुंगांनी बुरूज फोडून घेतली, तेव्हा फिरंगी शिबंदी बायकापोरांसह सन्मानानं निघून गेली. पण वसईचे कुपारी, सामवेदी, कोळी कुठे जाणार? ते तिथलेच होते. आजही आहेत, आपापल्या बोलीसकट. मझगांवात असं मागे राहणारं कुणी नव्हतं. तटाच्या आत होते ते सगळे पोर्तुगालच्या राजाचे चाकर आणि त्यांची कुटुंबं.

दरम्यान पोर्तुगालची बाकीची ठाणीही गळत गेली. १५७८मध्ये तरुण राजा सेबॅस्टियान मोरोक्कोत सैन्य घेऊन उतरला आणि अल-कसर-अल-कबीरच्या लढाईत मारला गेला. त्याला मूल नव्हतं. दोन वर्षांत पोर्तुगालच स्पेनच्या राजाकडे गेलं. १६४०मध्ये ते पुन्हा स्वतंत्र झालं तेव्हा सेउटा स्पेनकडेच राहिलं. आणि १६६१मध्ये आलं ते लग्न. राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देताना हुंड्यात दोन जागा लिहून दिल्या: मोरोक्कोतलं तांजियर आणि हिंदुस्थानातलं मुंबई बेट. मुंबईच्या हुंड्याची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्याच कागदावर तांजियरही होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजांना तांजियर झेपलं नाही. १६८४मध्ये ते तिथून निघून गेले. मुंबईचं काय झालं ते सांगायला नको. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर पोर्तुगालचं म्हणून आता एकच ठाणं उरलं, आपलं हे दुसरं मझगांव.

आणखी शंभर वर्षं ते तसंच रेटलं गेलं. मग १७६९मध्ये अलवी घराण्याचा सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला तटासमोर येऊन बसला. हा नुसता लढवय्या नव्हता. नवं बंदर म्हणून एस्सौइरा वसवणारा हा व्यापारी डोक्याचा राजा, आणि त्याला आपला किनारा सलग हवा होता. तिकडे लिस्बनला सत्तेची सूत्रं पोंबालच्या हाती होती. १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन नव्यानं उभारणारा हाच तो मंत्री. त्याला मझगांव म्हणजे निव्वळ खर्च दिसत होता. त्याच वेळी ॲमेझॉनच्या मुखाशी फ्रेंच गयानाच्या शेजारी वस्ती करायला माणसं हवी होती. त्यानं दोन कागद शेजारी ठेवले आणि ठरवून टाकलं: गाव उचला, तिकडे ठेवा.

आतल्या लोकांना हे मान्य होतं का? फारसं नाही. सव्वादोनशे वर्षं ज्या तटासाठी बाप-आजे मेले तो एका हुकमानं सोडायचा. मार्चमध्ये जहाजं लागली आणि सुमारे दोन हजार माणसं समुद्राच्या दरवाजानं बाहेर पडली. निघताना त्यांनी नेता येत नव्हतं ते मोडलं आणि तटाखाली सुरुंग पेरले. सुलतानाचे लोक आत शिरले तेव्हा ते उडाले. बरीच माणसं मेली आणि गव्हर्नरचा बुरूज गेला. पाचवा बुरूज हा असा गेला.

लोक आधी लिस्बनजवळच्या बेलेंला उतरले. तिथे काही महिने काढल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांना पुन्हा जहाजांवर चढवलं ते ब्राझीलच्या बेलेंला नेण्यासाठी. नावही तेच. नवं गाव जंगलात, आजच्या आमापा राज्यात, मुतुआका नदीकाठी बांधायचं होतं आणि ते अजून बांधून व्हायचं होतं. कित्येक कुटुंबं बेलेंमध्येच वर्षानुवर्षं खोळंबली. जी पोचली त्यांना ताप, ओल आणि कधी न केलेली शेती यांनी घेरलं. घोड्यावर बसून समुद्रावर नजर ठेवणारे लोक ॲमेझॉनच्या चिखलात भात लावणार होते! बरेच मेले, बरेच पांगले. पण गावाला 'नोव्हा मझगांव' हे नाव चिकटलं. आज ते 'जुनं मझगांव' म्हणून ओळखलं जातं. म्हणजे आफ्रिकेत 'नवी' आणि ब्राझीलमध्ये 'जुनं'!

इकडे मोरोक्कोत रिकाम्या तटाला लोक अल-महदूमा म्हणू लागले, म्हणजे उद्ध्वस्त. पन्नासेक वर्षं तिथे कुणी धड राहायला गेलं नाही. १८२०च्या दशकात सुलतान मौलाय अब्द-अर-रहमानच्या हुकमावरून डागडुजी झाली, मशीद बांधली गेली, आणि 'उद्ध्वस्त' म्हणायचं नाही, 'नवी' म्हणायचं असं ठरलं. मशिदीचा मिनार पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीजांचा इशाऱ्याचा मनोरा होता, त्याचाच मिनार केला, म्हणून तो नेहमीच्या मोरोक्कन मिनारासारखा चौकोनी नसून पाच बाजूंचा आहे. वेढ्याची घंटा जिथून वाजायची तिथूनच बांग होऊ लागली. समोर पोर्तुगीजांचं असम्प्शन चर्चही आहे.

तटाच्या आत राहायला मुख्यतः अझम्मूरचे ज्यू आले. मोरोक्कोत ज्यूंच्या वस्तीला मल्लाह म्हणतात, आणि लवकरच पोर्तुगीज गढी हीच गावाची मल्लाह झाली. युरोपातले व्यापारी, त्यांचे वकील, दुक्कालाचा गहू, लोकर, कातडी. मझगांवला जे कधी मिळालं नव्हतं ते अल-जदीदाला मिळालं: पाठीमागचा मुलूख. आता भिंतीबाहेरचा शेतकरी शत्रू नव्हता, गिऱ्हाईक होता. १९१२मध्ये फ्रेंच आले. त्यांनी जुनं नाव उकरून काढून पुन्हा माझागां म्हटलं, खंदक बुजवले, तटाबाहेर रुंद रस्ते आणि समुद्रकिनाऱ्याची हवेशीर वस्ती उभी केली. कासाब्लांकाचं बंदर वाढत गेलं तसा इथला व्यापार आटला. १९५६मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नाव पुन्हा अल-जदीदा. इस्रायल झाल्यानंतरच्या काही दशकांत ज्यू कुटुंबं निघून गेली. या गढीनं दुसऱ्यांदा आपली माणसं जाताना पाहिली, यावेळी सुरुंगांशिवाय. २००४मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं.

आणि मग फॉस्फेट. १९८०च्या दशकात जोर्फ लासफरला खोल पाण्याचं बंदर आणि सरकारी ओसीपी कंपनीचे कारखाने आले. खुरिबगाच्या खाणीतला खडक पूर्वी रेल्वेनं यायचा. २०१४पासून त्याचा मोठा भाग पाण्यात कालवून, गाऱ्यासारखा, नळातून सुमारे १८७ किलोमीटर वाहत येतो. खाणी उंचावर आणि बंदर खाली, त्यामुळे उताराचा फायदा मिळतो. इथे त्या खडकावर गंधकाम्ल ओततात. निघतं फॉस्फरिक आम्ल, आणि त्याबरोबर ढिगानं जिप्सम. एक टन स्फुरदामागे साधारण पाच टन. हे जिप्सम बराच काळ सरळ समुद्रात सोडलं गेलं आहे. याच किनाऱ्यावर लोक उन्हाळ्यात पाण्यात उतरून तांबडं शेवाळ काढतात, ज्यापासून अगर-अगर बनतं, म्हणून हा मुद्दा नुसता कागदावरचा नाही.

जोर्फ लासफरच्या आम्लाच्या एका कारखान्यात टाटा केमिकल्स आणि चंबळ फर्टिलायझर्स या भारतीय कंपन्या ओसीपीच्या भागीदार आहेत. गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना २०२२मध्ये ज्या पारादीप फॉस्फेट्सकडे गेला, तिच्यातही ओसीपीची भागीदारी आहे. पूर्वी लिस्बनहून एक जहाज मोरोक्कोकडे आणि एक गोव्याकडे सुटायचं. आता मोरोक्कोचा माल थेट निघतो आणि आपल्या उसापर्यंत पोचतो.

ऑगस्टमध्ये अल-जदीदाच्या दक्षिणेला मौलाय अब्दल्लाच्या दर्ग्याशी मोठा उरूस भरतो. पांढऱ्या कपड्यांतले स्वार एका ओळीत घोडे सोडतात, शेवटच्या क्षणी थांबतात आणि सगळ्यांच्या बंदुका एकदम वाजतात. एक जरी मागेपुढे झाली तरी बघे हसतात. त्याच्या काही आठवडे आधी, जुलैत, अटलांटिकच्या पल्याड जुन्या मझगांवात संत जेम्सचा उत्सव असतो. तो १७७७पासून चालत आला आहे. तिथेही घोडे, तिथेही दोन फौजा, एक ख्रिस्ती आणि एक 'मूर', म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची. मूळ पोर्तुगीज कुटुंबं तिथे फारशी उरली नाहीत. आज ही लढाई खेळणारे बहुतेक लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत. कधी न पाहिलेल्या गावाच्या तटासाठी ते दर वर्षी लढतात आणि दर वर्षी जिंकतात.